न वटणाऱ्या धनादेशाचे फलशास्त्र

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदार हा तपासणीच्या बाबतीत महाराष्ट्रातील अत्यंत चिकित्सक विक्रेता मानला पाहिजे. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठी केली जाणारी वेलीची छाटणी, उरकल्यापासून पुढचे चार-साडेचार महिने तो बागेतील प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवतो. डाउनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांचा पहिला ठिपका त्याला इतरांच्या आधी दिसतो, मण्याची जाडी तो मिलिमीटरमध्ये मोजतो, आणि माल काढणीला आला की एका मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाच्या काचेवर पिळून, एक डोळा मिटून, साखर किती ब्रिक्स भरली, म्हणजे शंभर भाग रसात विरघळलेली साखर साधारण किती भाग आहे, ते वाचतो. माल युरोपात जाणार असेल तर फवारणीच्या औषधांचे अंश शोधण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवला जातो आणि अहवाल येईपर्यंत घडाला कात्री लागत नाही. इतक्या परीक्षा उत्तीर्ण झालेला माल अखेर क्रेटमध्ये भरून पिकअपमध्ये चढतो, आणि त्याच्या बदल्यात जो आयताकृती कागद बागायतदाराच्या हाती येतो त्याची परीक्षा मात्र एकाच प्रश्नावर आटोपते: ‘‘सही केली ना, शेठ?’’

हा कागद, त्याच्यावर श्रद्धा ठेवणारा विक्रेता आणि त्या श्रद्धेवर पोट भरणारा खरेदीदार, असा प्रस्तुत विवेचनाचा तिहेरी विषय आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार धनादेश, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला चेक, हा खातेदाराने स्वतःच्या बँकेला दिलेला ‘अमुक माणसाला अमुक रक्कम द्यावी’ असा लेखी आदेश असतो. आदेश काढणाऱ्याच्या खात्यात तेवढी रक्कम आहे की नाही हे त्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते, आणि ते लिहिण्याची सक्ती असती तर चेकबुकांचा खप बराच उतरला असता. चेक बँकेत भरला, तो समाशोधनात, म्हणजे एका बँकेने दुसऱ्या बँकेकडून पैसे मागवून घेण्याच्या व्यवस्थेत गेला, तिकडून होकार आला आणि रक्कम खात्यात पडली, की चेक वटला असे म्हणतात. या चार पायऱ्यांपैकी पहिल्याच पायरीवर घरी पेढे येतात, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून सहसा नोंदवली जात नाही.

या श्रद्धेची मुळे शोधायची तर द्राक्ष या फळाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. कांदा चाळीत थांबतो, सोयाबीन पोत्यात थांबते, द्राक्ष मात्र पिकल्यावर फार दिवस कोणाची वाट पाहत नाही. फेब्रुवारी-मार्चात आभाळ भरून आले आणि अवकाळीच्या चार सरी पडल्या की मणी तडकतात आणि खाण्याच्या द्राक्षाला बेदाण्याच्या मालाचा भाव येतो. विक्रेत्याची ही घाई खरेदीदाराला विक्रेत्यापेक्षाही पक्की ठाऊक असते. मोहाडी, खेडगाव, जानोरी, लखमापूर, वणी या बाजूच्या शिवारांत हंगामात परप्रांतीचे आणि परजिल्ह्याचे व्यापारी उतरतात, स्थानिक मध्यस्थाच्या मोटारसायकलवर मागे बसून बागा पाहत फिरतात आणि बांधावरच भाव ठरवतात. यालाच शिवार सौदा म्हणतात. त्यातले बहुतेक व्यापारी वर्षानुवर्षे चोख व्यवहार करतात, आणि नेमके त्यांच्याच पुण्याईवर उरलेल्यांचा धंदा चालतो. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे हा माल बाजार समितीच्या कक्षेतच विकण्याचे बंधन काढून टाकले, आणि बांधावरच्या सौद्याला मोकळे रान मिळाले. कोणालाही माल विकण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला मिळाले हे खरेच. समोरचा ‘कोणीही’ नेमका कोण आहे हे शोधण्याची जबाबदारीही त्याच टपालाने घरपोच आली होती, पण ते पाकीट पुष्कळ घरांत अद्याप फोडलेले नाही.

बुडवण्याची रीत ठरलेली असून तिच्यात वाखाणण्याजोगी शिस्त आढळते. पहिल्या गाडीचे पैसे रोख, तेही वजनकाट्यापाशीच, पाचशेच्या नोटा दोनदा मोजून दिले जातात, आणि मध्यस्थ शेजारच्या बागेत ऐकू जाईल अशा आवाजात ‘‘व्यवहाराला एकदम चोख माणूस’’ असे प्रमाणपत्र देतो. दुसऱ्या गाडीचे निम्मे रोख आणि निम्मे ‘उद्या सकाळी’ असतात, आणि ती उद्याची सकाळ खरोखर उगवते. ठकाच्या जमाखर्चात हा सगळा खर्च जाहिरातीच्या खाती पडतो. तिसऱ्या गाडीपासून चेक सुरू होतात, त्यांवरची तारीख आठ-दहा दिवस पुढची असते, कारण ‘दिल्लीची पार्टी’ तेव्हा पैसे टाकणार असते. या दिल्लीच्या पार्टीला दिंडोरीत आजवर कोणी पाहिलेले नाही, तरीही तिच्या शब्दाखातर उभ्या बागा रिकाम्या झालेल्या आहेत. तारीख उजाडते तोवर व्यापाऱ्याने भाड्याने घेतलेली खोली मोकळी होते, मोबाइल ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ जातो आणि मध्यस्थ शपथेवर सांगू लागतो की आपलेही कमिशन बुडाले, जे पुष्कळदा खरे असते.

बागायतदार चेककडे पाहतच नाही असा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. काही जण तो उन्हासमोर धरतात. भारतीय चेकच्या कागदात ‘सीटीएस इंडिया’ असे जलचिन्ह असते. सीटीएस म्हणजे चेकचा कागद गावोगाव न हिंडवता त्याची प्रतिमा पाठवून समाशोधन करण्याची पद्धत. ते जलचिन्ह दिसले की पाहणाऱ्याची मान समाधानाने डोलते. वस्तुतः जलचिन्हावरून कागद अस्सल आहे एवढेच कळते, आणि दिंडोरीच्या फसवणुकीत कागद नेहमी अस्सलच असतो. खाते खरे, चेकबुक खरे, सहीसुद्धा ज्याची त्याची, फक्त खात्यात पैसे तेवढे नसतात. हीच गत ‘पॉझिटिव्ह पे’ नावाच्या व्यवस्थेची. १ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार रुपये व त्यावरील चेकसाठी ही सोय उपलब्ध झाली. तिच्यात चेक देणारा त्याचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव आधीच आपल्या बँकेला कळवून ठेवतो, म्हणजे वाटेत कोणी खाडाखोड केली तर ती पकडली जाते. ‘‘चेक पॉझिटिव्ह पे केलाय, काका’’ हे वाक्य ऐकून काकांचा जीव भांड्यात पडतो खरा, पण ती व्यवस्था चेक लिहिणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, आणि येथे रक्षणाची गरज काकांना असते.

न वटलेल्या चेकसोबत बँक जो छापील कागद देते त्याला रिटर्न मेमो म्हणतात, आणि इतक्या कमी शब्दांत इतके दुःख सामावणारा दुसरा साहित्यप्रकार ग्रामीण महाराष्ट्रात नाही. ‘निधी अपुरा’ हे त्यातले सर्वांत प्रामाणिक कारण. ‘खाते बंद’ यात एक प्रकारचा निर्वाणीचा सूर आहे. ‘खातेदाराने पेमेंट थांबवले’ हे वाचताना खातेदार अजून कोठेतरी हयात असून हालचाल करतो आहे एवढा तरी दिलासा मिळतो, तर ‘सही जुळत नाही’ या शेऱ्यामागे कधी म्हातारपणाचा कंप असतो आणि कधी तरुणपणाची हुशारी. या सर्वांवर कडी करणारा शेरा म्हणजे ‘चेक देणाऱ्याशी संपर्क साधा’. ज्या इसमाशी संपर्क होत नाही म्हणून विक्रेता बँकेच्या खिडकीशी आलेला असतो, त्याच इसमाशी संपर्क साधण्याचा सल्ला बँक त्याला छापील स्वरूपात देते. कारण बदलले म्हणून देणेकरी सुटावा असे मात्र कायद्याला वाटत नाही. पेमेंट थांबवणे १९९८ मध्ये, खाते बंद करणे १९९९ मध्ये आणि सही न जुळणे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कक्षेत आणले, अर्थात त्या चेकमागचे देणे खरे असले पाहिजे.

नाशिक जिल्ह्याला हा अनुभव द्राक्षापुरताच आलेला नाही. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर बाजार समित्यांच्या आवारात रोकड मिळेनाशी झाली, कांद्याचे पैसे चेकने दिले जाऊ लागले आणि त्यातले काही चेक न वटता परत आल्याने शेतकऱ्यांनी समित्यांच्या दारात गाऱ्हाणी मांडली. द्राक्षाच्या बाबतीत गाऱ्हाणे मांडायला असे दारही नव्हते, कारण सौदा बांधावर झालेला असे आणि बांधाला सचिव नसतो. २०२० मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक झाले आणि त्यांनी व्यापाऱ्यांनी बुडवलेल्या शेतकऱ्यांना तक्रारी घेऊन पुढे येण्याचे आवाहन केले. तेव्हा तक्रारींचा ओघ लागला, गुन्हे नोंदवले गेले, आणि कित्येक व्यापाऱ्यांना आपल्याकडे देण्यासाठी पैसे होते याची अचानक आठवण झाली. काही रकमा परत मिळाल्या. इतक्या वर्षांचे बुडीत पैसे कपाटात मेमोच्या रूपाने गप्प पडून होते, ही बाब या मोहिमेने उघड केली, आणि त्या गप्पपणाचे कारण पोलीस दप्तरात सापडणार नाही.

ते कारण म्हणजे भीड. मराठी विक्रेता भाव सांगताना जितका मोकळा असतो तितकाच पैसे मागताना अवघडतो. ‘‘आधी पैसे, मग माल’’ हे चार शब्द उच्चारले तर समोरच्या माणसाचा अपमान होईल, चहा पाजून झाल्यावर त्याच्या आधार कार्डाची प्रत मागितली तर घरी आलेल्या पाहुण्याची झडती घेतल्यासारखे दिसेल, आणि ओळखीच्या मध्यस्थासमोर संशय घेतला तर चार गावांत तोंड दाखवायची पंचाईत होईल, असे त्याला मनापासून वाटते. भीड भिकेची बहीण हे त्याला पाठ असते. पण म्हण पाठ असणे आणि ती समोरच्या शेठला लावणे यात मोठेच अंतर आहे. शिवाय फसल्यावरही भीड सुटत नाही. फसवणारा परमुलखात निवांत असतो आणि फसलेला गावात तोंड चुकवत फिरतो, कारण पारावर ‘‘कितीला बसला?’’ असे विचारणारे चेक न घेताही फार शहाणे झालेले असतात.

कायद्याकडे वळल्यास चेकच्या इतिहासात १ एप्रिल या तारखेला विशेष मान असल्याचे दिसते. चेक न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले, आणि चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली तीही १ एप्रिल २०१२ पासून. या निवडीमागे विनोदबुद्धी असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. मात्र या औषधाला पथ्य फार कडक आहे. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत देणेकऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस मिळतात, आणि ते उलटल्यावर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल व्हावी लागते. हा सारा काळ नेमका एप्रिलच्या खरड छाटणीच्या आसपास पडतो, म्हणजे पुढच्या वर्षीची काडी तयार करण्यासाठी वेल खरडून काढण्याच्या दिवसांत. तेव्हा बागायतदार वकिलाकडे जाणे पुढे ढकलतो, आणि ‘‘शेठ म्हणाला, अक्षय तृतीयेला नक्की’’ या भरवशावर वेलीची छाटणी वेळेत व कायद्याची मुदत बाहेर, असा हिशेब होतो.

खटला कोठे चालवायचा यावरूनही एक लांबलचक नाट्य होऊन गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की ज्या शाखेवर चेक काढला ती देणेकऱ्याची शाखा जेथे असेल तेथील न्यायालयातच तक्रार करावी लागेल. याचा दिंडोरीपुरता अर्थ असा होता की कानपूरच्या व्यापाऱ्याने बुडवलेल्या सोनाका द्राक्षांचे पैसे मागण्यासाठी बागायतदाराने कानपूरला जावे, तारीख पडली की परत यावे, आणि प्रवासखर्चासाठी आणखी थोडी द्राक्षे विकावीत, शक्यतो रोखीने. २०१५ च्या दुरुस्तीने हे चक्र उलटे फिरवले. आता चेक ज्याने आपल्या खात्यात भरला त्याची शाखा जेथे असेल तेथील न्यायालयाला अधिकार असतो, म्हणजे खाते दिंडोरीच्या शाखेत असेल तर व्यापाऱ्याला दिंडोरीला यावे लागते. देशाच्या संसदेने द्राक्षबागायतदारावर नकळत केलेल्या उपकारांत याचा क्रमांक बराच वर लागेल. पैसे द्यायचेच नाहीत असा हेतू सौद्याच्या वेळीच होता असे दिसत असेल तर फसवणुकीचा वेगळा गुन्हाही दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो, तरी ‘चारशेवीस’ ही जुनी पदवी जनतेने अजून काढून घेतलेली नाही.

तौलनिक अभ्यासासाठी अमेरिकेकडे पाहणे उद्बोधक ठरते, कारण तेथे या विद्येची दुसरी शाखा विकसित झाली आहे. नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी मराठी कुटुंबे निघण्यापूर्वी पलंग, टेबल आणि व्यायामाचे न वापरलेले यंत्र ऑनलाइन विक्रीस काढतात. त्यावर एखादा खरेदीदार न पाहताच होकार देतो, ठरलेल्या रकमेपेक्षा बरीच मोठी रक्कम लिहिलेला चेक पाठवतो आणि वरचे पैसे सामान नेणाऱ्या मजुरांना परस्पर देण्याची विनंती करतो. १९८७ च्या तेथील एका कायद्यामुळे ठराविक चेकची रक्कम बँकेला बहुधा दुसऱ्या कामाच्या दिवशीच खातेदाराला वापरण्यासाठी मोकळी करावी लागते, चेक खरा की खोटा हे मात्र कधीकधी आठवड्यांनी कळते, आणि खोटा निघाल्यास बँक ती सगळी रक्कम खातेदाराकडून वसूल करते. तोवर ‘मजुरांना’ दिलेले पैसे भूमिगत झालेले असतात. म्हणजे अमेरिकेत खात्यातले पैसे दिसतात पण चेक खोटा असतो, आणि दिंडोरीत चेक खरा असतो पण पैसे दिसत नाहीत. दोन्हीकडे फसतो तो विक्रेता, आणि दोन्हीकडे खरेदीदाराने भावात घासाघीस केलेली नसते.

हा शेवटचा मुद्दा मराठी वाचकाने विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या समाजात कोथिंबिरीच्या जुडीवरही दोन रुपये कमी करून मागितले जातात, त्या समाजात जुना ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर किंवा दिवाणखान्यातून हद्दपार झालेला सोफा कोणी फोटो पाहून, सांगितलेल्या किमतीला, विनातक्रार घेऊ लागला तर विक्रेत्याच्या अंगावर काटा यायला हवा. प्रत्यक्षात त्याची छाती फुगते आणि ‘‘मालच तसा आहे’’ असे तो घरात सांगतो. ऑनलाइन विक्रीतील हा बिनतक्रार खरेदीदार बऱ्याचदा स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, आणि बदली झाल्यामुळे प्रत्यक्ष येता येत नाही असे सांगतो. देवळालीला तोफखान्याचे केंद्र असल्याने ही थाप नाशिकच्या पंचक्रोशीत सहज खपते, आणि जवानावर संशय घेणे हा देशद्रोह वाटून विक्रेता आणखीच मऊ होतो. मग पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ एक क्यूआर कोड येतो, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायचा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, आणि तो वाचून पिन टाकताच खात्यात येणारे पैसे खात्यातून जातात. यूपीआय या पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेत पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. घेणाऱ्याला ना पिन टाकावा लागतो ना कोड वाचावा लागतो, त्याने नुसते बसून राहायचे असते, पण नुसते बसून पैसे मिळतात यावर कष्टाळू माणसाचा विश्वास बसत नाही. २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कन्येलाही जुना सोफा विकताना याच रीतीने ३४ हजार रुपयांना गंडा बसला, यावरून ही विद्या शिक्षण, शहर आणि सत्ता यांपैकी कशालाही जुमानत नाही हे सिद्ध होते. समोरच्याकडून पैसे मागवण्याची विनंती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवण्याची सोय, जिचा ठकांनी फार उत्साहाने वापर केला, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. ठक मात्र त्या तारखेला निवृत्त झाले नाहीत.

आता चेकची जागा हळूहळू चेकच्या फोटोने, आणि त्या फोटोची जागा ‘आरटीजीएस’च्या पावतीच्या फोटोने घेतली आहे. आरटीजीएस म्हणजे दोन लाख व त्यावरील रकमा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ आणि कायमच्या वर्ग करण्याची रिझर्व्ह बँकेची व्यवस्था. ‘तत्काळ’ या शब्दात सगळे आले, तरीही पिकअप भरत असताना व्हॉट्सॲपवर बँकेच्या गोल शिक्क्याचा, अर्धवट पुसट, थोडा तिरका काढलेला अर्जाचा फोटो येतो आणि ‘‘पैसे टाकले, तासाभरात दिसतील’’ असा निरोप येतो. शिक्का हा मराठी माणसाचा मर्मबिंदू आहे. सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत त्याचे सारे आयुष्य शिक्क्यांच्या रांगेत गेलेले असल्याने गोल आणि जांभळे काहीही दिसले की त्याचा हात आपोआप कपाळाकडे जातो. वस्तुतः त्या अर्जाने एवढेच सिद्ध होते की कोणीतरी एक अर्ज भरला. पैसे खरोखर निघाले असतील तर त्या व्यवहाराला यूटीआर नावाचा २२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक आपल्या शाखेत सांगून विचारता येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे स्वतःच्या खात्यात पाहणे, पण गाडी भरत असताना खाते पाहायला जाणे हा पुन्हा व्यापाऱ्याचा अपमान.

याचीच धाकटी बहीण म्हणजे जादा शून्याची युक्ती. पाच हजारांच्या वस्तूसाठी पन्नास हजार जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो, पाठोपाठ रडवेल्या आवाजात फोन येतो की ‘‘दादा, एक शून्य जास्त पडलं, आईच्या औषधाचे पैसे होते, वरचे तेवढे परत टाका’’, आणि दादा वरचे पंचेचाळीस हजार स्वतःच्या घामाच्या पैशांतून परत टाकतात. संदेश बँकेने पाठवलेला नसतो; तो साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून आलेला असतो, तर बँकेचे संदेश बँकेच्या अक्षरी नावाने येतात. अमेरिकेतल्या जादा रकमेच्या चेकचे हे भारतीय भाषांतर इतके चपखल आहे की मूळ लेखकानेही दाद द्यावी. प्रामाणिकपणाचा इतका अचूक फायदा घेणारी दुसरी योजना सापडणे कठीण, कारण येथे लोभी माणूस पैसे ठेवून घेऊन वाचतो आणि सज्जन बुडतो.

उपाय सांगावेत तर ते इतके साधे आहेत की त्यांवर व्याख्यान ठेवणेही अवघड. बँकेच्या ॲपमध्ये वा पासबुकात नोंद दिसली तरी ती रक्कम काढता येण्याजोगी आहे का हे निराळे पाहावे लागते, कारण समाशोधनात असलेला चेक काही ठिकाणी जमेच्या बाजूला दिसतो आणि न वटल्यास दुसऱ्या दिवशी तितक्याच निर्विकारपणे खर्चाच्या बाजूला जातो. म्हणून उपलब्ध शिल्लक तेवढी खरी मानावी. डिमांड ड्राफ्ट हाती आला तर त्यावर छापलेल्या क्रमांकावर फोन न करता ड्राफ्ट काढणाऱ्या शाखेचा क्रमांक स्वतः शोधून विचारावे, कारण बनावट ड्राफ्टवरचा फोन बनावट व्यवस्थापकच उचलतो आणि तो फार अदबीने बोलतो. व्यापाऱ्याचे ओळखपत्र, जीएसटी क्रमांक, मूळ गावचा पत्ता आणि मागच्या हंगामात त्याने माल घेतला अशा दोन बागायतदारांची नावे सौद्याआधी घ्यावीत, आणि मध्यस्थाचीही लेखी सही घ्यावी, म्हणजे त्याची ‘चोख’ ही पदवी किती टिकाऊ आहे ते तिथेच कळते. भाव, वजन आणि पैसे देण्याची तारीख एका कागदावर आली तर कोर्टात सांगायला काहीतरी उरते. पैसे ऑनलाइन गेलेच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पहिल्या तास-दोन तासांत रक्कम वाटेत कोठेतरी गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि हाच वेळ घरात ‘कोणाला सांगू नका’ असे एकमेकांना बजावण्यात जातो.

चेकच घ्यायचा झाला तर काळ आता विक्रेत्याच्या बाजूचा झाला आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने समाशोधनाची पद्धत बदलली. दिवसाच्या ठरलेल्या वेळेत भरलेल्या चेकची प्रतिमा लागोपाठ पुढे जाते आणि देणेकऱ्याच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार कळवावा लागतो. ‘‘क्लिअरिंगला दोन-तीन दिवस लागतातच, काका’’ या जुन्या आणि कामसू सबबीचे त्या दिवशी निधन झाले, तिच्या जाण्याने अनेकांचा आधार हरपला. आजच्या तारखेचा चेक सकाळी भरून संध्याकाळपर्यंत वाट पाहायची आणि घडाला कात्री दुसऱ्या दिवशी लावायची, एवढी उसंत आभाळ स्वच्छ असेल तर बागेजवळ नक्की असते. तोडल्यानंतर द्राक्ष पिकत नाही, पण वेलीवर एक रात्र जास्त राहिल्याने त्याची साखर घटतही नाही. व्यापारी घाई करू लागला तर त्याच्या घाईचे कारण विचारावे. पुढच्या तारखेचा चेक मात्र या नव्या व्यवस्थेलाही जुमानत नाही, कारण तारीख उजाडल्याशिवाय तो बँकेत चालत नाही, आणि उजाडेपर्यंत माल दिल्लीतल्या आझादपूरच्या मंडईत विकून त्याचे पैसे झालेले असतात.

ज्यांचा माल गेला आणि चेक परत आला त्यांच्यासाठी एकच सूचना शिल्लक राहते. कलम १३८ च्या नोटिशीचे ३० दिवस चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्या दिवसापासून मोजले जातात, शेठचा फोन लागल्या दिवसापासून नव्हे.